जांभळीचं आढं

कडेगावात इलाही शिकलगारच्या स्टुडिओत फोटो काढलेला माणूस कुरूप निघाला, असं आजवर झालेलं नाही. देवीचे व्रण असलेली माणसं तिथून गुळगुळीत होऊन बाहेर पडली, चामखीळ घेऊन आत गेलेली बिनचामखिळीची आली, आणि एका माजी सरपंचांचं तर टक्कलही निम्म्यानं भरून निघालं. मुलीचं लग्न जमत नसलं की बाप लांबून लांबून तिला इथं घेऊन यायचे. पुढं बघायला आलेले पाहुणे एकदा फोटोकडं आणि एकदा मुलीकडं बघत बसायचे, त्याला इलाही काय करणार?

ही विद्या त्याला वडिलांकडून मिळाली. अब्बा निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवायचे. "माणूस अल्लाच्या घरनं साफ येतोय. डाग हितं आल्यावर पडत्यात. आपन नुसतं पुसायचं," असं ते म्हणायचे. इलाहीनं पेन्सिल सोडून कॉम्प्युटर धरला, पण बोट तेच चालवलं. समोर चेहरा आला की त्याचा हात आपोआप डाग शोधायला लागतो.

अब्बांची दुसरी ठेव म्हणजे स्टुडिओतला पडदा. त्यावर त्यांनी स्वतः रंगवलेला धबधबा होता, आजूबाजूला गर्द झाडी, खाली दोन बदकं. कडेगाव तेव्हा टँकरकडं डोळे लावून बसायचं. अशा गावातल्या तीन पिढ्या त्या पाण्यासमोर उभ्या राहून फोटो काढून गेल्या. खुद्द अब्बांनी जन्मात धबधबा बघितला नव्हता. त्यांनी तो कॅलेंडरवरून उतरवला होता.

इलाहीनं मात्र बघितला. बाविसाव्या वर्षी शिराळ्याच्या पुढं डोंगरात एका लग्नाची ऑर्डर होती. वऱ्हाडाची जीप चिखलात रुतली, सगळे उतरून ढकलायला लागले, आणि रानातून कसला तरी आवाज येतोय म्हणून हा कॅमेरा गळ्यात घालून झाडीत शिरला. तिथं उभा राहिला तो उभाच राहिला. परत आला तेव्हा अंतरपाट दूर होऊन तास झाला होता आणि नवरा-नवरी जेवायला बसली होती. नवऱ्याच्या मामानं त्या दिवशी त्याला जे ऐकवलं, ते तो अजून कुणाला सांगत नाही.

तेव्हापासून पावसाळा नीट लागला की तो स्टुडिओच्या दाराला 'उद्या भेटू' अशी पाटी लावतो. हा उद्या कधी कधी चार दिवसांनी उगवतो. "लोकांचे नवरे पत्ते कुटत्यात. आमचं ध्यान पानी बगाय जातंय," असं त्याची बायको शमशाद म्हणते. घरात ती दखनी बोलते, खरी चिडली की मराठीवर येते, म्हणून इलाही तिच्या मराठीला भिऊन असतो. तरी सकाळी निघताना मोटारसायकलच्या पिशवीत सुकी भाकरी आणि चटणी तीच ठेवते.

ठोसेघर झालं, महाबळेश्वरची लिंगमळा झाली, कोयनेकडची बिननावाची कितीतरी पाणी झाली. जंगलात शिरलं की पहिल्यांदा आवाज येतो. तो कुठून येतो ते कळत नाही, सगळीकडूनच येतो. ऐनाची, अंजनीची खोडं शेवाळानं मऊ झालेली असतात. धुकं बुंध्यांमधून गुरांसारखं सावकाश चालत येतं आणि अंगावरून निघून जातं. इलाही स्टँड रोवतो, कॅमेऱ्यावर साडीच्या दुकानातली पिशवी बांधतो, पायावर चढलेल्या जळवांना तंबाखू लावतो आणि शटर तीन-चार सेकंद उघडं ठेवतो, म्हणजे पाणी गुळगुळीत येतं. तेवढा वेळ तो श्वास धरतो. कॅमेरा स्टँडवर असतो, श्वास धरायची काहीच गरज नसते. पण त्या तीन-चार सेकंदांत आपण आहोत की नाही हेच त्याला उमगत नाही, आणि खरं सांगायचं तर तो वर्षभर त्यासाठीच जगतो.

एवढे फोटो काढले, पण गावाला त्यांचं काही नव्हतं. 'मोबाईलच्या वॉलपेपरवानी आलाय की' ही सगळ्यात मोठी शाबासकी. तीस-पस्तीस वर्षांत एकानंही त्याला 'हे कुठलं पाणी?' असं विचारलं नव्हतं. या गोष्टीचं त्याला फार वाईट वाटायचं, आणि कुणापाशी बोलूनही दाखवता यायचं नाही.

पहिल्यांदा विचारलं ते शकुंतलामावशीनं.

कडेगावच्या बाहेर, उसाच्या रानांमध्ये घोटणवाडीची वसाहत आहे. मूळची घोटणवाडी चांदोलीच्या जंगलात. अभयारण्य झालं आणि गाव उठवून इथं सपाटीवर आणून ठेवलं. शकुंतलामावशी तिथली, वय अठ्ठ्याहत्तर. पेन्शनच्या कागदाला फोटो हवा म्हणून ज्येष्ठात ती एकटीच काठी टेकत आली. इलाहीनं तिला स्टुलावर बसवलं, लाइट लावला आणि वळून बघतो तर बाई पडद्याकडं तोंड करून बसलेली.

"मावशी, हिकडं वळा."

"पान्याकडं पाठ करून बसत न्हाईत आमच्यात," ती म्हणाली. "कुठलं रं हे पानी?"

इलाही गडबडला. "हे व्हय? कॅलेंडरातलं हाय. वडलांनी रंगवलंय."

"म्हंजी खोटं हाय. मग चालंल," असं म्हणून ती वळली खरी, पण मान अवघडल्यासारखीच ठेवून बसली. शेवटी त्यानं पडदा गुंडाळला आणि पांढरं कापड लावलं.

फोटो तयार होईपर्यंत ती बोलत राहिली. तिच्या गावामागं कड्यावरून पाणी पडायचं. त्याला गाव 'थोरली' म्हणायचं, थोरल्या जावेसारखं रात्रंदिवस बोलत असायचं म्हणून. नवी नवरी घरात आली की चूल पेटवायच्या आधी तिला थोरलीसमोर नेऊन उभं करायचे. इकडं वसाहतीत आल्यावर वर्षभर मावशीला झोप लागली नाही, आवाजच नाही म्हणून. मग नवरा, हरी, नळ थोडासा सैल सोडून त्याखाली घागर ठेवायचा. तो गेला. घागर अजून आहे.

"डाव्या डोळ्याचं गेलंय," ती सहज सांगावं तसं म्हणाली. "काचबिंदू. मिरजंचा डॉक्टर म्हनला, उजवा दिवाळीपातूर काढंल. त्याच्या आदी थोरली बगायची हाय मला. चालवत न्हाई, आन पावसात जंगलात सोडत न्हाईत. तू पान्याचे फोटू काढतोस म्हनं?"

"आनतो मावशी," इलाही बोलून बसला. त्याला थोरली कुठं आहे तेही ठाऊक नव्हतं.

मग फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो उजव्या डोळ्याजवळ नेला. "ही कोन बया?"

"तुमीच की."

"माजा वण कुठाय?" तिच्या भुवईवर जुनी खोक होती. नवी नवरी असताना थोरलीच्या दगडांवर घसरली, तेव्हाची.

"साफ केला," इलाही अभिमानानं म्हणाला.

मावशीनं फोटो पिशवीत टाकला. दारापाशी गेल्यावर थांबली आणि म्हणाली, "थोरली वळखायची एक खून हाय."

"कसली खून?"

"ती माजी मी बगीन. तुला सांगितली तर तू ती बी साफ करशील, न्हाईतर नवी काढून दावशील." आणि गेली. तिनं तेव्हाच सांगून टाकलं असतं तर पुढचे हेलपाटे वाचले असते. पण फोटोतून वण गेलेला बघितल्यावर बाईनं इलाहीवर विश्वास तरी का ठेवावा?

ढेबेवाडीच्या वरच्या पठारावर, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, धुळा नावाच्या धनगराचं खोपट आहे. इलाहीची त्याची जुनी ओळख. फोनवर थोरलीचं नाव काढताच धुळा म्हणाला, "समोरच हाय की गड्या, दरीच्या पल्याड. पर दिसंल तवा दिसंल."

आषाढात इलाही तीन दिवस त्या खोपटात राहिला. समोर दरी होती म्हणतात, त्याला ती दिसली नाही. पांढरंफेक धुकं दाराशी येऊन उभं राहायचं, आणि त्याच्या आतून थोरली बोलत असायची. कधी जवळ आल्यासारखी, कधी पाठ फिरवून लांब गेल्यासारखी. मेंढरं ओल्या घोंगड्यांसारखी गप्प बसून होती. चुलीचा धूर वर न जाता खोपटातच हिंडायचा. दुसऱ्या दिवशी इलाहीला वाटायला लागलं की कडेगाव, स्टुडिओ, शमशाद हे सगळं आपण कुठंतरी ऐकलेलं आहे, आणि खरं एवढंच, हा आवाज. त्याला त्याची भीती वाटली नाही, उलट बरंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा फिरला. कुणी हातानं बाजूला सारावं तसं धुकं मधोमध सरकलं आणि पल्याडच्या काळ्या कड्यावर, झाडीच्या गर्दीत, उभीच्या उभी थोरली दिसली. इलाहीनं लांबची लेन्स लावली आणि श्वास धरला. चार फोटो झाले. पाचव्याला धुकं मिटलं.

घरी आल्यावर त्यानं ते चार फोटो कॉम्प्युटरवर बघितले. तीन हलले होते, ते काढून टाकले. चौथा मात्र असा होता की त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. आयुष्यात असा फोटो निघाला नव्हता. रानातून दूध उतरावं तसं पाणी. फक्त मधोमध, उंचावरच्या खाचेत, एक काळं लाकूड आडवं अडकलं होतं. पुरात वाहून आलं असेल. इलाहीचा हात आपोआप तिकडं गेला. बाजूचं पांढरं पाणी घेऊन त्यानं त्यावर फिरवलं, कडा मऊ केल्या. पाच मिनिटांत पाणी अखंड झालं. मग फोटो त्याच नावानं ठेवून दिला आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओळखपत्रांचे चारशे फोटो काढायचे होते म्हणून कार्ड मोकळं करून टाकलं. धंद्यातली सवय, त्याला विचार लागत नाही.

मोठा फोटो काढून, चौकटीत घालून तो वसाहतीत गेला. मावशी अंगणात बसली होती. तिनं चौकट मांडीवर घेतली आणि उजवा डोळा काचेला टेकवून वरून खाली बघत आली. मधोमध आल्यावर थांबली. काचेवर बोट फिरवलं, पदरानं काच पुसली, परत बोट फिरवलं.

"थोरलीच हाय," ती म्हणाली. "कडा तोच हाय. झाडी वाडलीया. लय ग्वाड आलाय फोटू, बाबा." आणि चौकट बाजूला ठेवली. मग म्हणाली, "आढं गेलं तर."

आढं म्हणजे घराचं मधलं लाकूड, ज्याच्यावर सगळं छप्पर पेलतं. गाव उठलं तेव्हा माणसांनी आपापली घरं उतरवून दारं, वासे, खांब ट्रकमध्ये घातले. हरीच्या घराचं आढं जांभळीचं होतं, आज्यानं घातलेलं, आणि ते काही केल्या ट्रकात बसेना. लोक म्हणाले, कापा. हरी म्हणाला, कापायचं न्हाई. चार गड्यांनी ते खांद्यावर घेऊन कड्यावर चढवलं आणि थोरलीच्या खाचेत आडवं बसवलं. जांभळीचं लाकूड पाण्यात सडत नाही. "आपलं घर थोरलीला सांभाळाय दिलंय म्हनला. तिच्याकडं ऱ्हाईल. म्या सोता पाचर मारलीती," मावशी सांगत होती. "ते हाय म्हंजी घर हाय, असं वाटायचं मला. असूंदे. पंचवीस वरसं झाली. पान्याचा तरी काय भरवसा?"

इलाही चहा न घेताच उठला. 'बघतो' असं काहीतरी पुटपुटला आणि गाडीला किक मारली.

दोन दिवस तो कुणाशी नीट बोलला नाही. तिसऱ्या दिवशी शमशादनं ताट त्याच्यासमोर ठेवलं आणि विचारलं. त्यानं सांगितलं. ती ऐकत राहिली, आणि मग मराठीत म्हणाली, "आवं, मग त्या बाईला सांगितलं न्हाई तुमी? तिचं घर बुडलं असं समजून ती तिकडं बसलीया, आन तुमी हितं भाकरी मोडताय?"

तो तसाच उठून वसाहतीत गेला. मावशीसमोर उभा राहून, खाली बघत, त्यानं जे केलं ते सगळं सांगितलं. लाकूड होतं. मीच पुसलं. मूळ फोटोही राहिला नाही.

मावशीनं काठी जमिनीवर आपटली. "माजा वण पुसलास ती येगळी गोष्ट. माजं घर कुनाला इचारून पुसलंस रं?"

अंगणातल्या घागरीत नळ टिपकत होता, तेवढाच आवाज.

थोड्या वेळानं तिचा स्वर उतरला. "पर हाय न्हवं ते? बगितलंस न्हवं तू?"

"हाय मावशी. माज्या डोळ्यांनी बगितलं."

"तुज्या शब्दावर काय भरवसा ठिवू मी? जा. दाव मला."

भाद्रपदात तो परत गेला. पाच दिवस बसला. धुकं तसूभर हललं नाही. थोरली नुसती बोलत राहिली आणि तो ओल्या कांबळ्यात बसून ऐकत राहिला. एरवी याच आवाजात तो विरघळून जायचा. या खेपेला प्रत्येक दिवस मावशीच्या डोळ्यातून वजा होतोय असं त्याला वाटत होतं. धुळानं विचारलं, "एवडं काय नडलंय?" त्यानं लाकडाचं सांगितलं.

"ते व्हय? ते तर आमी रोज बगतो की! उनाच्या दिवसांत खंड्या बसतोय त्याच्यावर."

"मग त्याच वक्ताला का न्हाई सांगितलंस?"

"तू इचारलंस कवा, गड्या?" धुळा म्हणाला आणि चुलीत फाटा सारला.

दसरा झाला, हत्तीचा पाऊसही ओसरला, तेव्हा धुळाचा फोन आला. इलाही पहाटेच्या आधी निघाला. पठारावर सोनकी फुलली होती, आणि दरी सगळी उघडी, धुतल्यासारखी. थोरली बारीक झाली होती. आवाजही उतरला होता, आजारातून उठलेल्या माणसासारखा. दुधाबिधासारखं काही नव्हतं. आणि तिच्या मधोमध जांभळीचं आढं, काळंभोर, एका खडकापासून दुसऱ्या खडकापर्यंत. पाणी त्याच्यावरून उडी मारून दोन धारांनी खाली येत होतं. इलाहीनं एवढी वर्षं जे टाळलं ते केलं. शटर झटकन पाडलं. जसं होतं तसं.

तो फोटो त्यानं कॉम्प्युटरवर नुसता उघडला आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बघत बसला. मग सांगलीला जाऊन तो पडद्याएवढ्या मोठ्या कापडावर छापून आणला, आणि अब्बांच्या पडद्यावरून, त्याच खिळ्यांना लावला.

मावशीला आणायला शमशाद रिक्षा घेऊन गेली. दिवाळी आठ दिवसांवर होती. मावशी आली ती शमशादच्या खांद्यावर हात ठेवून, पायरी चाचपत. तिला पडद्यासमोर उभं केलं. तिनं उजवा डोळा बारीक केला, मोठा केला, अगदी वीतभर अंतरावर गेली.

"पांढरं दिसतंय," ती म्हणाली. "धुकं हाय नुसतं."

उशीर झाला, इलाहीच्या मनात आलं, माझ्या हातानं उशीर झाला.

मावशी तशीच कापडाच्या कडेकडेनं सरकत होती. मधोमध आली आणि मान थांबली. मागं नेली, परत पुढं आणली.

"हे काळं काय हाय?"

मावशीनं हात वर केला. त्या काळ्या पट्ट्यावर तळवा ठेवला आणि हळूहळू उजवीकडं सरकवत नेला, जिथं लाकूड खडकात शिरत होतं तिथपर्यंत. तिथं दोन बोटांनी टकटक केलं.

"हितं मारलीती मी पाचर," ती म्हणाली. "हाय. हाय तितंच हाय."

मग तिनं स्टूल मागितलं. शमशादनं ते दिल्यावर पडद्याकडं तोंड करून, पदर नीट घेऊन बसली. रडली नाही. हात मांडीवर, आणि ओठ हलत होते. कोणाशी बोलत होती कोण जाणे, हरीशी असेल, थोरलीशी असेल. स्टुडिओत पाण्याचा आवाज नव्हता, पण इलाहीला तो आला.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "काढ फोटू."

"मावशी, पाठमोरा येईल."

"येऊ दी. पान्याकडं पाठ न्हाई करायची."

त्यानं काढला. पांढरा अंबाडा, बाहेर आलेली काळी पिन, चोळीच्या पाठीला लावलेलं ठिगळ, आणि पुढं थोरली. यातलं काहीही त्यानं पुसलं नाही. तो फोटो वसाहतीत मावशीच्या घरात आहे, घागरीच्या वरच्या भिंतीवर. तिला आता तो दिसत नाही, पण कुठं लावलाय ते ती आल्यागेल्याला बोटानं दाखवते.

पडदा मात्र स्टुडिओतच राहिला. हल्ली इलाही गिऱ्हाइकाला आधी विचारतो, वण ठेवायचा की काढायचा. बहुतेक लोक काढ म्हणतात, तो काढतो. पण लग्नाळू पोरं पडद्यासमोर उभी राहिली की हमखास कुणीतरी म्हणतं, "इलाहीभाई, मागं मधीच काळं काय आलंय, तेवडं पुसून टाका की."

"ते न्हाई पुसायचं," इलाही कॅमेऱ्यामागून सांगतो. "घर हाय ते शकुंतलामावशीचं. हनुवटी जरा वर घ्या."